बाईकची सीट नव्यानं बनवून घेतोय : लेदर घ्यावं की रेक्झिन?

किकस्टार्ट

नमस्कार मंडळी. जुन्या सिंगल सिलिंडर गाडीचं काम शेवटच्या टप्प्यात आलंय. इंजिन झालं, रंग झाला, वायरिंग झालं, राहिली ती सीट. मूळची दोन पायऱ्यांची उंच सीट काढून तिथे सपाट, एकसलग, मागे जरासा उंचवटा असलेली सीट बसवायची आहे. फायबरचा बेस तयार आहे, फोमला आकार देऊन झालाय. घोडं अडलंय ते वरच्या आवरणापाशी.

मनात पहिल्यापासून तपकिरी लेदर आहे, त्यावर एकाखाली एक आडव्या शिवणी. एक कारागीर म्हणतो, गाडीवर लेदर टिकत नाही, चांगल्या प्रतीचं रेक्झिन घ्या. दुसरा म्हणतो, लेदर एकदा लावलं की पुन्हा बघायला नको. दोघांचाही हात चांगला आहे, काम पाहिलंय मी. म्हणूनच गोंधळ वाढलाय.

वापर असा: रोज कामावर जाणार-येणार, सुट्टीच्या दिवशी लांब कुठेतरी. दिवसा उघड्यावर उभी, रात्री छपराखाली. ऊन आणि पाऊस दोन्ही लागणार. सीट दिसायला देखणी हवी हे उघडच आहे, पण वर्षभरात उसवलेली, फाटलेली सीट बघायची इच्छा नाही. ज्यांनी दोन्ही वापरलंय किंवा जे हे काम करतात, त्यांनी कृपया लिहा.

दुहेरी टाका

सीट शिवणं हा माझा धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचे दोन्ही कारागीर खरंच बोलतायत. दोघांच्या हाताखालून वेगवेगळ्या गाड्या गेल्या असतील, एवढंच. सीटचं आयुष्य गाडी चालते तेव्हा कमी आणि उभी असते तेव्हा जास्त खर्ची पडतं. तुम्ही बसलेले असता तेव्हा सीट तुमच्याखाली झाकलेली असते. ती झिजते उन्हात तापत, दवात भिजत, पाणी मुरवत उभी असताना. "दिवसा उघड्यावर उभी" या तुमच्या तीन शब्दांतच माझ्यासाठी अर्धं उत्तर आलं.

जुनी सीट उघडताना काय दिसतं ते सांगतो. पिना उचकटायला घेतल्या की डोकी हातात येतात आणि पाय बेसमध्येच तुटून राहतात, इतका गंज. आवरण मागे ओढलं की कडेचा फोम पिवळट आणि कोरडा. पण मधल्या शिवणीच्या बरोबर खाली एक तपकिरी पट्टा असतो, तिथे अंगठा दाबला की पाणी वर येतं. पाऊस होऊन कितीतरी दिवस लोटलेले असतात तरी. आणि वरचं आवरण? ते बऱ्याचदा अजून धड असतं. सीट वाया गेलेली असते ती शिवणीमुळे.

रेक्झिनमधून पाणी जात नाही हे खरं, पण सुईच्या भोकांतून जातंच. तुम्ही बसता, फोम दबतो, आतली हवा बाहेर जाते. उठता, फोम पुन्हा फुगतो आणि लोहाराच्या भात्यासारखा टाक्यांच्या भोकांतून हवा ओढून घेतो. वर पाणी साचलेलं असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं. आता तुमच्या मनातल्या आडव्या शिवणींचा विचार करा. अशी शेकडो भोकं, आणि तीही नेमकी पाणी थांबणाऱ्या खाचांमध्ये.

तुमच्या वापराला माझं मत मरिन ग्रेडच्या रेक्झिनला. बोटींच्या सीटांसाठी जे विनाइल बनवतात ते. त्यात ऊन सोसणारी आणि बुरशी रोखणारी द्रव्यं मिसळलेली असतात, मागे मजबूत विणीचं अस्तर असतं. लेदर हवंच असेल तर आधी गाडी उभी करायची जागा बदला.

चिंब

+१. मी पावसाळी भागात राहतो, गाडी रोज भिजते. लेदर नुसतं भिजण्यानं तितकं खराब होत नाही, पूर्ण वाळायला त्याला उसंत मिळत नाही हा खरा त्रास आहे. वरून हाताला कोरडं लागतं, खालून ओलंच असतं. मग वास, मग पांढरी बुरशी. इथे रेक्झिनच.

आरी

मी चामड्याचं काम करतो, पिशव्या, पट्टे, खोगिरं, अधूनमधून सीटही. लेदरला सरसकट "टिकत नाही" म्हटलेलं मला पटत नाही, कारण बाजारात "लेदर" या नावाखाली निदान चार निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात आणि पहिली फाटली की बदनामी चौथीची होते.

कातड्याचा सर्वांत वरचा थर, ज्यात तंतू दाट विणलेले असतात आणि जनावराच्या अंगावरच्या खुणा दिसतात, तो न घासता ठेवला की फुल ग्रेन. तोच वरून घासून एकसारखा केला की टॉप ग्रेन. खालचा थर वेगळा सोलून काढला की स्प्लिट, त्यावर रंगाचा किंवा प्लॅस्टिकचा लेप देऊन वरच्यासारखं रूप देतात. आणि चामड्याचा चुरा-भुसा डिंकात बांधून लादी केली की बाँडेड लेदर. शेवटचं सीटवर लावूच नये. ते ताण सोसत नाही, कोपऱ्यावर ओढलं की तिथूनच पापुद्रे सुटतात.

यानंतर प्रश्न येतो कमावण्याचा. झाडांच्या सालींतल्या टॅनिननं कमावलेलं चामडं घट्ट, ताठ, सुरेख रंग चढणारं. क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं मऊ, ओढलं की सहज वळणारं, पाणी आणि उष्णता जास्त सोसणारं. सीटच्या आवरणाला क्रोमचंच घ्यावं. सालीत कमावलेलं ओलं चामडं सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास आकसायला लागतं, क्रोमचं शंभरच्या आसपास. गडद रंगाची सीट भर उन्हात साठ अंशांच्या पुढे सहज जाते. पावसाची सर येऊन गेली आणि लगेच कडक ऊन पडलं, तर सालीतलं चामडं काठावरच असतं.

तिसरी गोष्ट वरचा लेप. नुसता पारदर्शक रंग दिलेलं ॲनिलिन लेदर हाताला सर्वांत सुंदर लागतं आणि बाहेर सर्वांत लवकर खराब होतं, पाण्याचा थेंबही डाग ठेवून जातो. गाड्यांच्या आतल्या सीटांसाठी बनणाऱ्या लेदरवर रंगद्रव्याचा थर आणि त्यावर पॉलियुरेथेनचा लेप असतो. बाईकसाठी हे घ्या, जाडी एक ते सव्वा मिलिमीटर.

असं लेदर नीट शिवून, रात्री झाकून ठेवलं तर अनेक वर्षं जातं आणि दरवर्षी अधिक देखणं होतं. झिजलेलं लेदर सुंदर दिसतं, झिजलेलं रेक्झिन फक्त झिजलेलं दिसतं. मला या कारणासाठी लेदर मनापासून आवडतं आणि ते मी लपवणार नाही.

दुहेरी टाका

आरी, प्रतवारीबद्दल शंभर टक्के सहमत. एकच भर घालतो. पॉलियुरेथेनचा लेप दिलेलं लेदर वरून पाणी रोखतं, पण कापलेल्या कडा आणि मागची बाजू उघडीच असते. शिवणीतून आत गेलेलं पाणी मागच्या बाजूनं लेदरमध्ये मुरतं आणि वरचा लेप त्याला बाहेर पडू देत नाही. रेक्झिनच्या बाबतीत ओला होतो फोम. लेदरच्या बाबतीत फोमही आणि आवरणही.

रेणूबंध

दोन्ही वस्तू आतून कशा म्हाताऱ्या होतात ते समजलं की निवड बरीच सोपी होते.

रेक्झिन म्हणून आज जे मिळतं ते कापडी अस्तरावर चढवलेलं पीव्हीसी. शुद्ध पीव्हीसी कडक असतं, पाण्याच्या नळांसारखं. १९२६ साली बी. एफ. गुडरिच कंपनीतले वाल्डो सेमन रबर धातूला चिकटवण्यासाठी काहीतरी शोधत होते. त्या खटपटीत त्यांनी पीव्हीसी उच्च उत्कलनबिंदूच्या द्रवात तापवलं आणि हाती आला एक लवचीक, रबरासारखा पदार्थ. आजही तत्त्व तेच. मऊ विनाइलमध्ये वजनाचा मोठा वाटा प्लास्टिसायझरचा असतो, तेलासारख्या द्रवाचा. तो पीव्हीसीच्या साखळ्यांमध्ये शिरून बसतो, त्यांना जोडला जात नाही. म्हणूनच तो हळूहळू बाहेर पडत राहतो. उष्णतेनं लवकर, पेट्रोल किंवा थिनर लागला तर फारच लवकर. बाहेर येताना पृष्ठभाग चिकट होतो, निघून गेला की कडक होतो, आणि मग थंडीच्या एखाद्या सकाळी तुम्ही बसता तेव्हा तडा जातो. दोष त्या सकाळचा वाटतो, पण नुकसान त्याआधीच्या सगळ्या दुपारींनी केलेलं असतं.

स्वस्त आणि चांगल्या रेक्झिनमधला फरक बराचसा इथेच आहे: सावकाश बाहेर पडणारा प्लास्टिसायझर, ऊन रोखणारी द्रव्यं, वरचा संरक्षक लेप. दुकानात हे डोळ्यांना दिसत नाही. पण चांगलं उत्पादन असेल तर थंडीत तडकण्याची मर्यादा, घर्षणाच्या चाचणीचे फेरे आणि उन्हाच्या चाचणीचे तास माहितीपत्रकात छापलेले असतात. ज्या मालाला माहितीपत्रकच नाही तो बाजूला ठेवावा.

लेदर म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं. कमावताना त्यात तेल-चरबी भरतात म्हणून तंतू एकमेकांवरून सरकतात आणि चामडं मऊ राहतं. वारंवार भिजलं आणि वाळलं की तेल कमी होतं, तंतू एकमेकांना चिकटतात, चामडं ताठ होतं. घामातले क्षारही हेच काम करतात. आणि लेदर स्वभावतः आम्लधर्मी असतं, सामू (pH) साधारण साडेतीन ते साडेचारच्या आसपास. कपड्यांच्या साबणाचा सामू नऊ-दहापर्यंत जातो. म्हणून लेदरला तो साबण कधीही लावू नये.

थोडक्यात, विनाइल कोरड्या उष्णतेत मरतं आणि लेदर ओल-वाळ या चक्रात. आपल्याकडे यातलं काय जास्त आहे ते प्रत्येकानं बघावं.

नवा गडी

आणि ते पीयू लेदर? दुकानदार म्हणतो रेक्झिनपेक्षा मऊ, लेदरपेक्षा स्वस्त, दोन्हींचे फायदे.

रेणूबंध

पीयू म्हणजे कापडावर चढवलेलं पॉलियुरेथेन. बाहेर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी नको. पॉलियुरेथेनच्या स्वस्त प्रकारांत एस्टर बंध असतात, आणि उष्ण, दमट हवेत पाण्याचे रेणू ते बंध तोडतात. नुसतं कपाटात ठेवलेल्या बुटांचे आणि पर्सचे पापुद्रे निघतात ते यामुळेच. पॉलिकार्बोनेट प्रकारचं पॉलियुरेथेन पुष्कळ चांगलं टिकतं, पण समोर ठेवलेला माल त्यातलाच आहे याची लेखी खात्री मिळत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

चिंब

माझ्या गाडीवर आधीच्या मालकानं लावलेलं पीयू होतं. पॅंटच्या मागे काळे कपटे चिकटायचे. वरच्या उत्तराला पूर्ण अनुमोदन.

कार्ब्युरेटर

जुन्या गाड्यांचा वेडा असल्यामुळे थोडा इतिहास सांगतो, कारण "पूर्वी तर सगळं लेदरच होतं आणि टिकायचं" हे वाक्य या चर्चेत कुणीतरी आणणारच.

टिकायचं, हे खरं. पण ती सीट वेगळी होती. सायकलींच्या खोगिरांसाठी १८८२ साली पेटंट घेणाऱ्या बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स कंपनीनं पुढे मोटरसायकलींसाठीही तसलीच सीट बनवली: पोलादी सांगाडा, खाली स्प्रिंगा, आणि त्यावर ताणून बसवलेलं कित्येक मिलिमीटर जाडीचं, सालीत कमावलेलं चामडं. फोम नाही, आत शिवण नाही. खालून हवा खेळती. भिजलं की दोन्ही बाजूंनी वाळायचं, सैल पडलं तर स्क्रू पिळून ताणायचं. आधी आरी म्हणाले ते ताठ चामडं इथे गुण ठरायचं.

पुढे दोघांसाठी एकसलग, फोम भरलेल्या सीटा आल्या, १९५० च्या दशकात तर सगळीकडे त्याच दिसू लागल्या. त्यांच्यावर कारखान्यांनी चढवलं ते लेदरक्लॉथ (लेप देऊन चामड्यासारखं केलेलं कापड) आणि विनाइल. त्यात काटकसर होतीच, पण फोमला पाण्यापासून वाचवायचं होतं हेही कारण होतं. त्यामुळे आजच्या फोमच्या सीटवर पातळ लेदर लावून त्या जुन्या टिकाऊपणाची अपेक्षा करू नये. ज्यांना अस्सल चामडं आणि अस्सल टिकाऊपणा दोन्ही हवं, त्यांनी सांगाडा-स्प्रिंगवालीच सीट बसवावी. किकस्टार्ट यांच्या गाडीच्या घाटाला ती जाणार नाही, हे मान्य.

लांबचा पल्ला

टिकाऊपणावर बरंच बोलून झालं, बसण्याबद्दल कुणी काही लिहिलं नाही म्हणून लिहितो.

दिवसभर गाडीवर असलं की आवरण दोन ठिकाणी जाणवतं. एक म्हणजे घसरण. गुळगुळीत, चकचकीत विनाइल ओलं झालं की प्रत्येक ब्रेकला माणूस टाकीवर जातो. बारीक खवलं किंवा खरबरीत पोत असलेलं विनाइल घेतलं की हा त्रास जातो. लेदर कोरडं असताना छान पकडून ठेवतं. पण फार पकडही नको. वळणावर आपण सीटवर थोडे इकडे-तिकडे सरकतो, तिथे कपडा अडकायला लागला तर संध्याकाळपर्यंत मांड्या सोलवटतात.

दुसरं म्हणजे ऊब आणि घाम. लेदर थोडी वाफ शोषतं आणि सोडतं, विनाइल अजिबात नाही. पण जाड लेप दिलेल्या लेदरमध्ये हा फरक निम्म्याहून कमी उरतो. भोकं पाडलेलं लेदर लोक हवेसाठी घेतात, ते बाईकवर मला पटत नाही. हवा जाते तिथून पाणीही जातं, आणि खाली प्लॅस्टिकचा कागद घातला तर हवा जायचीही बंद.

उन्हात दोन्ही सारखीच भाजतात. तिथे वस्तूपेक्षा रंग महत्त्वाचा. काळ्यापेक्षा फिकट तपकिरी बराच सुसह्य. मात्र फार फिकट विनाइलवर जीनची निळाई उतरते आणि ती जात नाही.

आणि एक कळकळीचं सांगणं: दुखतं ते बहुतेक वेळा फोममुळे, आवरणामुळे नाही. फोम अंगठ्यानं दाबून तळ लागत असेल तर वर काहीही लावा, तासाभरात उठावंसं वाटणार.

किकस्टार्ट

काय सुंदर माहिती मिळाली! सगळ्यांचे मनापासून आभार. काल कारागिरांकडून नमुन्याचे तुकडे मागून आणलेत. तीन आहेत: एक "शुद्ध लेदर" म्हणून दिलेला, एक मरिन ग्रेड विनाइल, एक साधं रेक्झिन. घरी कसं तपासू?

आरी

आधी मागची बाजू बघा. विणलेलं कापड दिसलं तर लेदर नाही, विषय संपला. रेशा-रेशा, मखमलीसारखं दिसलं तर पुढे जा. कापलेली कड उजेडात धरा. अस्सल फुल ग्रेनमध्ये तंतू खालून वर दाट होत जातात आणि वरचा रंगाचा थर केसाएवढा पातळ असतो. कडेला रंगाची जाड साय आणि खाली एकसारखा भुसा दिसला तर ते बाँडेड. मग तुकडा दुमडून अंगठ्यानं दाबा. अस्सल चामड्यावर दाबाभोवती बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या उमटतात आणि सोडल्यावर विरतात. ठसा मारलेल्या स्प्लिटवर सुरकुती जाड आणि सरळ पडते.

तुकडा जाळून बघायचा सल्ला लोक देतात, तो मानू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तो नाका-घशाला वाईट.

दुहेरी टाका

विनाइलच्या दोन तुकड्यांसाठी: दोन्ही आडवे-उभे ओढून बघा. सपाट सीटला फारसा ताण लागत नाही, पण मागच्या उंचवट्याच्या कोपऱ्यांवर लागतो. विणकामासारखं, म्हणजे स्वेटरच्या विणीचं अस्तर दोन्ही दिशांनी ताणतं, हातमागासारखं सरळ विणलेलं ताणत नाही आणि कोपऱ्यावर चुण्या पडतात. दुसरं, दोन्ही तुकडे एक रात्र फ्रीजरमध्ये ठेवा आणि काढल्या काढल्या घडी घाला. ज्यावर घडीची पांढरी रेघ राहते किंवा चिरा जातात, तो परत द्या.

किकस्टार्ट

केलं सगळं. "शुद्ध लेदर"च्या कडेला रंगाची चांगली जाड साय आणि खाली भुसकट दिसतंय, अंगठ्याच्या दाबानं सरळ जाड घडी पडते. साध्या रेक्झिनवर फ्रीजरनंतर पांढरी रेघ उमटली ती अजून आहे. मरिन ग्रेडचा तुकडा होता तसाच मऊ.

मन आता विनाइलकडे झुकलंय. पण त्या आडव्या शिवणी सोडवत नाहीत. गाडीचं अख्खं रूप त्यांवर बेतलंय. काही मार्ग आहे का?

दुहेरी टाका

आहे, आणि तो फक्त विनाइललाच शक्य आहे. पीव्हीसी उच्च वारंवारितेच्या विद्युतलहरींनी आतून तापतं आणि दाबाखाली एकमेकांत वितळून जुळतं. कारखान्यातून येणाऱ्या कितीतरी सीटांवरच्या "शिवणी" या अशा वेल्डच्या रेषा असतात, भोक एकही नाही. माझ्यासारख्या लहान कारागिराकडे ते यंत्र नसतं, पण अशा पट्ट्या आधीच पाडलेलं, मागे पातळ फोम जोडलेलं विनाइल ताग्यावर मिळतं. बसायच्या भागाला ते लावा, बाजूंना साधं त्याच रंगाचं. शिवण राहील ती फक्त वरचा भाग आणि बाजू जोडणारी, आणि ती सीटच्या खांद्याच्या थोडी खाली घ्या, म्हणजे पाणी तिच्यावर थांबणार नाही, ओघळून जाईल.

आरी

हा उत्तम तोडगा आहे. माझं लेदरप्रेम बाजूला ठेवून सांगतो, तुमच्या वापराला हेच करा.

नवा गडी

त्या उरलेल्या शिवणीखाली प्लॅस्टिकचा कागद घालायचा ना? सगळे घालतात.

चिंब

माझ्या सीटमध्ये आहे. फोम कोरडा राहतो. हलताना सुरुवातीला चुरचुर आवाज यायचा, नंतर गेला.

दुहेरी टाका

विनाइलखाली घालावा, लेदरखाली घालू नये. लेदरखाली तो ओल अडकवून ठेवतो आणि चामड्याला मागून बुरशी लागते. विनाइलखालीही तो फोमच्या बाजूंवरून पार खालपर्यंत उतरवा. वरच्या वर कापून ठेवला तर पाणी त्याच्या कडेवरून थेट फोममध्ये उतरतं. शिवणीच्या आतून चिकटपट्टी लावणं मला कागदापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. जमलं तर दोन्ही.

दोऱ्याबद्दल कुणी विचारलं नाही, पण तोच सगळ्यात आधी जातो. सुती दोरा कुजतो. नायलॉन ताकदीला चांगला, पण उन्हात लवकर कमजोर पडतो. बाहेरच्या कामाला बाँडेड पॉलिएस्टर, म्हणजे पीळ सुटू नये म्हणून लेप दिलेला दोरा, जाडी टेक्स ९० च्या आसपास (टेक्स हे दोऱ्याच्या जाडीचं माप, आकडा मोठा तितका दोरा जाड), वर दिसणारी शिलाई ठसठशीत हवी असेल तर टेक्स १३५. टाका चार मिलिमीटरचा. टाका बारीक घातला की काम नाजूक दिसतं, पण भोकं इतकी जवळ येतात की विनाइल त्या रेषेवरच फाटतं. आणि विनाइलला गोल टोकाची सुई, लेदरला पात्यासारख्या टोकाची. लेदरची सुई विनाइलवर चालवली तर प्रत्येक भोकाला एक छोटी चीर पडते, चीर पुढे सरकत जाते. कारागिराला हे विचारायला संकोच करू नका, चांगल्या कारागिराला असे प्रश्न आवडतात.

लांबचा पल्ला

निगा कशी ठेवायची तेही इथेच लिहून ठेवा, पुढे शोधणाऱ्याला उपयोगी पडेल.

रेणूबंध

विनाइल: कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, मग साध्या पाण्यानं पुसून कोरडं. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल नाही. टाकी भरताना सीटवर पेट्रोल सांडलं तर तिथल्या तिथे पुसा.

लेप दिलेलं लेदर: ओलसर फडकं, लेदरसाठीचाच क्लीनर. तेल चोपडू नका, लेपातून ते फारसं आत जात नाही, वर राहून धूळ धरतं आणि पॅंटला लागतं. भिजलं तर सावलीत वाळू द्या, हीटर किंवा ऊन दाखवू नका.

दोन्हींना टायर-डॅशबोर्ड चमकवणारं सिलिकॉन पॉलिश कधीही लावू नये. सीट इतकी निसरडी होते की जोरात ब्रेक लावल्यावर मागे बसलेला माणूस पुढच्यावर येऊन आदळतो. हे सुरक्षेचं आहे म्हणून ठासून लिहितोय.

कार्ब्युरेटर

सगळ्यात मोठी निगा म्हणजे झाकण. उभ्या गाडीवर साधं कापडी आवरण टाकलं तरी उन्हाचा निम्मा त्रास टळतो. प्लॅस्टिकचं टाकू नका, खाली घाम धरतं.

किकस्टार्ट

ठरलं. बसायच्या भागाला वेल्ड केलेल्या पट्ट्यांचं तपकिरी मरिन विनाइल, बाजूंना तेच साधं, शिवण खांद्याखाली, आत चिकटपट्टी आणि खाली कागद, पॉलिएस्टर दोरा. कारागिराला हे सगळं वाचून दाखवलं. त्यानं दोऱ्याचं रीळ स्वतःहून काढून लेबल दाखवलं, तेव्हाच माझा जीव भांड्यात पडला. लेदरची हौस आरी यांच्याकडून पाने-अवजारं ठेवायची चामडी गुंडाळी शिवून घेऊन भागवणार आहे, ती रात्री घरात येते.

सीट तयार झाली की फोटो टाकतो.

आरी

आनंदानं. पान्यांची मापं निरोपातून पाठवा. गुंडाळीला मी सालीत कमावलेलं चामडंच घेईन, तिथे ते शोभतं.

दुहेरी टाका

आवरण चढवण्याआधी दोन गोष्टी कारागिराला सांगा. फायबरच्या बेसला सर्वांत खोल जागी दोन छोटी भोकं पाडा. कितीही काळजी घेतली तरी थोडं पाणी आत जातंच, त्याला बाहेरची वाट हवी. आणि फायबरवर पिना नीट रुतत नाहीत, सुटतात. कडेला आतून प्लायची पट्टी चिकटवून तिच्यात स्टेनलेसच्या पिना मारा, किंवा सरळ रिव्हेट करा. विनाइल कोपऱ्यावर ओढताना केस वाळवायच्या यंत्रानं हाताला सोसवेल इतकंच गरम करा, आधी पुढची आणि मागची बाजू पक्की करा, मग मधून कडेकडे. उलट क्रमानं गेलं तर पट्ट्या वाकड्या दिसतात आणि मग सगळ्या पिना काढाव्या लागतात.